नसलेल्या वजनाची मजुरी

उद्यमनगरात आम्ही वजनावर जगलो.
पंपाची बॉडी, उसाच्या ट्रॉलीचा आस, इंजिनाचं चाक,
काटा खाली बसला की दर ठरायचा.
हलका माल म्हणजे वाईट माल,
हलकं काम म्हणजे परत येणारं काम.
हा शब्द मी पन्नास वर्षं असाच वापरला.

मग एका मंगळवारी शर्मिष्ठा इंगवले आली,
ओढणीत गुंडाळलेला सुकाणूचा हात घेऊन.
शर्यतीची बोट, चौघा पोरांनी मिळून बांधलेली,
वळणावर जड जाते म्हणे.
"शिकलगारचाचा, यातलं सातशे ग्रॅम काढून द्या.
ताकद काढू नका."

काट्यावर ठेवला. एक किलो एकशे चाळीस.
चांगला होता बिचारा. पोलादी, वेल्डिंग सरळ.
त्याच्यात वाईट काय ते मला दिसेना.

टायटॅनियमचा हिशोब मी कॅलेंडरच्या मागं मांडला.
ती हसली. खालचा आकडा वाचला,
आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं.

कार्बनचं कापड तिच्याकडं होतं,
काळं, चटईच्या विणीचं,
फुंकर मारली तर टेबलावरून सरकणारं.
मी म्हटलं, पोरी, झकास आहे,
पण मोडताना हे सांगत नाही.
लोखंड आधी वाकतं, कुरकुरतं,
दोन दिवस तोंड पाडून बसतं.
हे गप्प असतं, आणि मग एकदम नसतं.
तिनं विचारलं, "असं कोण गेलं तुमचं?"
मी मशीन चालू केलं.

ॲल्युमिनियमचा गज शिरोलीहून आला.
जोर जिथं येतो तिथं, बुंध्याला, जाड ठेवला.
जोर जिथं नुसता वाटतो तिथं भोकं पाडली.
सोपं नाही ते ओळखणं.
आमचे पणजे पात्यांना धार लावायचे,
सगळा जन्म काढण्यातच गेला त्यांचा,
थोडं जास्त काढलं की पातं संपलं.
लेथवर हात ठेवला तेव्हा
पहिल्यांदा वाटलं, आपण त्याच घरातले.

पिन मात्र स्टीलची. त्यात तडजोड नाही.
पण ओल्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले
की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजतं.
म्हणून मध्ये नायलॉनची चकती घातली,
दीड मिलिमीटर.
माझ्या आणि चुलतभावाच्या भिंतीत
एवढी जागा बापानं सोडली असती
तर कोर्टाच्या पायऱ्या वाचल्या असत्या.

भरलं चारशे छत्तीस.
बिलावर काय लिहायचं, कळेना.
नग एक, हे खरं. पण मजुरी तर
जे उरलं नाही त्या सातशे चार ग्रॅमची.
पेन तसंच धरून बसलो. शेवटी लिहिलं, "हलकं काम",
आणि खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

सोमवार. उद्यमनगर बंद.
राजाराम तलावाच्या काठी मी चप्पल काढून उभा.
मला पोहता येत नाही.
लांबून बोट नुसता आवाज वाटत होती.
लाल डब्यापाशी शर्मिष्ठाचं मनगट हललं
आणि बोट वळून गेलेली होती.
मधला तो क्षण, जेव्हा हात सांगतो
आणि पाणी अजून ऐकत नाही,
तो कुठं दिसला नाही.
तो माझ्या दुकानात, लेथखाली,
चकचकीत कीस होऊन पडला होता.
भंगारवाला बुधवारी किलोच्या भावानं न्यायचा होता.

जुना हात ती घेऊन गेली नाही.
दुकानाच्या दारात ठेवलाय,
वाऱ्यानं फळी आपटू नये म्हणून.
एक किलो एकशे चाळीस.
जागचा हलत नाही.